घरची दोन मतं

शुक्रवार, १४ ऑक्टोबर २००५

राग आला की मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून घर ते तालीम, तालीम ते चौक अशा पाच चकरा झाल्या. शेवटी अंबूबाई म्हणाली, "बसा की जरा, फरशी झिजंल." बायकोचं ऐकून वही घेऊन बसलो. एस.टी.त कंडक्टर होतो तेव्हापासून दिवसाच्या चार ओळी लिहून ठेवायची खोड आहे. गगनबावड्याच्या गाडीवर काढलेली सव्वीस वर्षं अशा वह्यांत आहेत. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं फारसं काही घडत नव्हतं. आज घडलं.

आमच्या चौकातली मुतारी महापालिकेनं गणपती झाल्यावर पाडली. रस्ता रुंद करायचा म्हणे. रस्ता होता तेवढाच आहे, मुतारीच्या जागी भेळेच्या दोन गाड्या आल्या. आम्ही अकरा म्हातारे तालमीसमोरच्या कट्ट्यावर रोज सकाळी बसतो. आण्णा आमच्यात सगळ्यात थोरला, एकोणऐंशी वर्षांचा, शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. आज मंडईतनं येताना तो चौकात थांबला, सवयीनं मुतारीच्या जागेकडं वळला, इकडं तिकडं बघितलं, आणि त्याचं धोतर भिजलं. सगळ्यांदेखत. भेळवाल्यानं तोंड फिरवलं, एवढी तरी त्याला माणुसकी. आण्णा तसाच घरी गेला.

ज्या माणसानं अर्ध्या पेठेला रेघ मारायला शिकवली त्याच्यावर ही पाळी. मला स्वतःला तसला काही त्रास नाही. फक्त हल्ली बाहेर जायचं असलं की चहा अर्धाच घेतो.

रविवार, १६ ऑक्टोबर

आण्णा दोन दिवस कट्ट्यावर आला नाही. दाराला कडी. सून म्हणाली, झोपलेत. सकाळी नऊला कोण झोपतं?

आम्ही दहाजण नगरसेवकाकडं गेलो. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं (मी घेतलं नाही) आणि हसला. म्हणाला, "आजोबा, मुतारीवर कुठं इलेक्शन होतंय व्हय?"

"हुईल की," भीमाप्पा म्हणाला.

भीमाप्पा माझा चाळीस वर्षांचा दोस्त. गुळाच्या अडतीत दिवाणजी होता, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज मऊ. बायको गेली, लेक दानेश्वरी निपाणीला दिली, तेव्हापासून मागच्या गल्लीत एकटाच असतो. मी आयुष्यभर ओरडलो आणि त्यानं आयुष्यभर ऐकलं, अशी आमची जोडी. बाहेर आल्यावर माझं डोकं तापलंच होतं. मी भर रस्त्यात म्हटलं, "भीमाप्पा, नोव्हेंबरात महापालिकेचं इलेक्शन लागतंय. तू उभा ऱ्हा. मी हाय की तुज्या मागं." बाकीचे आठही म्हणाले, आम्ही हाय.

जेवताना अंबूबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाप्यांची मुतारी हुती तरी. आमची कवा हुती?"

मी म्हटलं, बायकांना तशी गरज पडत नाही, हे अनुभवानं सांगतो. साळवणच्या पुढं झाडी लागली की मी गाडी दोन मिनिटं थांबवायचो. पुरुष भराभरा उतरायचे. सव्वीस वर्षांत एक बाई उतरली नाही. ती ताटं उचलून आत गेली.

शनिवार, २९ ऑक्टोबर

भीमाप्पाचा अर्ज भरला. सूचक म्हणून माझी सही. सही अशी ठोकून केली की खालच्या कागदावर उमटली. साहेबानं वर बघितलं. बघू दे.

दुपारी मात्र भांडण झालं. पत्रक माझ्याकडं वाचायला आलं. मी सांगितलेलं वाक्य होतं, चौकात वृद्धांसाठी मुतारी परत बांधून घेणार. भीमाप्पानं ते खोडून लिहिलेलं, 'चौकात आणि मंडईत, पुरुषांसाठी आणि बायकांसाठी, दोन्हीसाठी.' म्हटलं, अरे मुद्दा पातळ होतो, लोकांना एक गोष्ट कळते, दोन कळत नाहीत. तो म्हणाला, "आक्कांनी सांगितलं तसं लिवलं." आक्का म्हणजे आमची अंबूबाई. गुरुवारी मी नव्हतो तेव्हा हा घरी आलेला. उंबऱ्यावर बसून अंबूबाई आणि मंडईतल्या बनाबाईशी तासभर बोलत होता. बनाबाई सकाळी सहाला भाजीची पाटी घेऊन बसते ती दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही, असं काहीतरी त्याला सांगितलं म्हणे.

प्रचार सोडून बायकांत बसायचं. अशानं निवडून येतो होय कोण? पण पत्रक तसंच छापलं.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

चिन्ह मिळालं, बादली. पेठेतल्या पोरांना आयतं सापडलं. आम्ही गल्लीत शिरलो की ओरडतात, "आली रं, मुतारी बादलीसकट आली." भीमाप्पा त्यांनाही हात जोडतो. मी दोघांना पकडून त्यांच्या आज्याचं नाव घेऊन झाडलं.

खरं सांगायचं तर मला मजा येतेय. किती वर्षांनी सकाळी उठल्यावर काहीतरी करायचं असतं. गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचायचा तो आवाज अजून आहे. रोज दीड-दोन तास फिरलो की मी घरी जाऊन येतो, मग परत फिरतो. भीमाप्पा तेवढा वेळ कुणाच्यातरी दारात बसून बोलतो. त्याच्या बोलण्यात जोर नाही. सगळं ऐकून घेतो आणि खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतो.

आण्णाला बोलवायला गेलो. खिडकीच्या गजाआडनं म्हणाला, "मी संगं आलो तर लोकं मत देणार न्हाईत, मला बघून हसतील." मी म्हटलं, कोण हसतंय त्याला मी बघतो. तो म्हणाला, "तू कुणाकुणाला बघशील, आकाराम?" आणि खिडकी लोटली. त्यानंतर दिवसभर माझा पाय कुठं ठरला नाही.

रविवार, १३ नोव्हेंबर

हे लिहू की नको, कळत नाही. पण आजवर वहीत खोटं लिहिलेलं नाही.

संध्याकाळी हंबीररावांचा निरोप आला, मारुतीच्या आरतीला या. हंबीरराव आमच्या तालमीचे अध्यक्ष, आणि त्यांचा पुतण्या तालमीचा उमेदवार. मी या तालमीत पंधरा वर्षं माती अंगाला लावली. माझ्या आज्यानं कुस्तीच्या हौद्याला माती डोक्यावरनं वाहिली. न जाऊन कसं चालेल? गेलो. आरती झाली. मला खुर्ची दिली, फेटा बांधला. हंबीरराव सगळ्यांना म्हणाले, "ही आमची जुनी खोडं. ह्येंच्यामुळं तालीम हाय." मग मला एका बाजूला घेऊन गेले. तिथं मारुतीपुढं ताट ठेवलेलं, बेलाची पानं आणि मूठभर पिवळा भंडारा.

मी म्हटलं, "मी भीमाप्पाचा सूचक हाय, हंबीरराव. पेपरवर सही हाय माजी."

"सही तिकडं ऱ्हाऊ दे. प्रचार बी करा, दोस्ती हाय तुमची, आमी कवा न्हाई म्हटलं? घरची दोन मतं तेवढी तालमीला द्या. पोरगं निवडून आलं की आठ दिवसांत मुतारी बांधतो. ह्यो मारुती साक्षीला हाय."

आणि शपथेचा भंडारा उचलायला ताट पुढं केलं.

माणसाला नाही म्हणता येतं. समोर देवाचं ताट आल्यावर कसं ढकलायचं? मी भंडारा उचलला, कपाळाला लावला, म्हटलं, घरची दोन मतं तालमीला. एवढंच. सगळं मिळून मिनिटभर.

घरी येताना हिशेब केला. आमचे बाकीचे नऊजण आणि त्यांची घरं भीमाप्पाकडं आहेत. माझ्या दोन मतांनी काय बिघडतं? शिवाय मुतारी तर होतेयच, मग ती कुणी का बांधेना. हिशेब बरोबर आहे. जेवण मात्र गेलं नाही.

सोमवार, १४ नोव्हेंबर

अंबूबाईला सांगितलं. "दोन्ही मतं तालमीला द्यायची. देवाचा भंडारा उचललाय."

"कुणी उचलला?"

"मी. आणि कोण उचलणार?"

"बरं," म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. मला वाटलं होतं वाद घालेल. घातला नाही, तेवढं बरं झालं.

प्रचाराला गेलो. भीमाप्पा माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "नखं पिवळी दिसत्यात रं." म्हटलं, आमटीत हात घातला होता. तो म्हणाला, "आक्का हळद जरा जास्तीच घालत्यात मग." आज मी नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडलो. घसा बसला.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

कट्ट्यावर सगळे गप्प. भीमाप्पा नव्हता, तरी त्याच्याबद्दल कुणी बोलेना. प्रत्येकाचे हात खिशात नाहीतर शालीत. थंडी पडलीय म्हणाले. मला तर उकडत होतं. लवकर उठलो.

रविवार, २० नोव्हेंबर

मतदान झालं.

सकाळी साडेसातला तयार होऊन बसलो. अंबूबाईला म्हटलं, चल जोडीनं जाऊ. म्हणाली, "तुम्ही व्हा फुडं. माज्यासंगं बायका हायत." शाळेत पोचलो, तर पुरुषांच्या रांगेत आमचे कट्ट्यावरचे चौघे पुढं होते. कुणी मागं वळून बघितलं नाही.

मशीनवर सात नावं. तालमीचं दुसरं, बादली सहावी. मी चष्मा लावून दोनदा वाचली. अंगठा सहाव्या बटणापाशी गेला होता, खोटं कशाला सांगू. मग मारुती डोळ्यापुढं आला. दुसरं बटण दाबलं. लांब शिट्टी वाजली. टेबलावरची शाई लावणारी मुलगी म्हणाली, "झालं आजोबा, निघा आता." मला तिथनं निघवेना.

दहाच्या पुढं अंबूबाई आली. बरोबर पंचवीस-तीस तरी बायका असतील. बनाबाई मंडईतली पाटी टाकून आलेली, धोंडुबाईला तर दोघींनी धरून पायऱ्या चढवल्या, तिला नव्वदी लागलीय. रांगेत काय त्यांचं बोलणं, काय हसणं. हळदीकुंकवाला आल्यागत. मतदानाचं काही गांभीर्य नाही बायकांना.

शाळेपासनं शंभर मीटरवर पांढरी रेघ मारलेली, त्या रेघेबाहेर भीमाप्पा हात जोडून उभा होता. उन्हात, डोक्यावर टोपी पण नाही. मला बघून म्हणाला, "झालं?" मी मान हलवली आणि दुसऱ्या रस्त्यानं घरी आलो. आल्यावर पण बसवेना. माळ्यावरची भांडी खाली काढली, परत वर ठेवली.

सोमवार, २१ नोव्हेंबर

हंबीररावांचा पुतण्या निवडून आला. गुलाल आमच्या दारापर्यंत पडलाय. भीमाप्पाला त्रेचाळीस मतं.

संध्याकाळी तो स्वतः आला. मी दार उघडलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी. त्रेचाळीस मतांवर रडणारा उमेदवार पहिल्यांदाच बघितला. पण तो हरला म्हणून रडत नव्हता. म्हणाला, "त्रेचाळीस, आकाराम. एक माजं सोड. बेचाळीस माणसांनी बादली शोधून दाबली." अंबूबाईनं चहा आणला. त्यानं कप हातात घेतला, प्यायला मात्र नाही, माझ्याकडंच बघत राहिला. मग म्हणाला, "तुज्या घरातनं मला मत पडलंय, ह्यात शंका न्हाई. ते इसरायचा न्हाई मी." आणि हात जोडले.

मी "असू दे, असू दे" म्हटलं. अंबूबाई भिंतीला टेकून उभी होती. माझ्या शरमेचा तिला पत्ताही नसणार. तो अजून थोडा वेळ बसला, काहीतरी ऐकायला थांबल्यासारखा. मी मतमोजणीच्या गर्दीबद्दल बोललो. मग तो उठला.

मी नालायक माणूस आहे.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

आज कट्ट्यावर मला सहन झालं नाही. भीमाप्पा निपाणीला लेकीकडं गेलाय. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. "मी भीमाप्पाला मत दिलं न्हाई. मी भंडारा उचलला हुता. काय बोलायचं ते बोला."

मग आमच्यातला एकजण खाली बघत म्हणाला, "मला शुक्रवारी बोलावलंतं." दुसरा म्हणाला, "मला शनवारी. फेटा बांदला." मग एकेक करून सगळे. सगळ्यांना खुर्ची, सगळ्यांना फेटा, सगळ्यांना तेच ताट. आण्णाकडं तर ताट घरी नेलं होतं म्हणे. तो म्हणाला असेल काहीतरी, पण उचलला. प्रत्येकाचा हिशेब माझ्यासारखाच, बाकीचे नऊजण आहेत की. हात खिशात का होते ते तेव्हा कळलं.

आम्ही दहा माणसं. दोस्ताला उभं करून दहाजणांनी दहा दिशांनी एकटं सोडलं.

मग बेचाळीस मतं कुणाची? यावर तासभर वाद झाला. एक म्हणाला, गुळवाले व्यापारी. पण ते तर दुसऱ्या वॉर्डात राहतात. एक म्हणाला, मशीन बिघडलं असणार. काही पत्ता लागेना. उठलो आणि घरी आलो.

मागच्या दारी अंबूबाई, बनाबाई आणि आणखी आठ-दहाजणी बसल्या होत्या. मी आत पाय टाकला तशा गप्प झाल्या आणि एकेक करून निघून गेल्या. मी तिथंच उभा. काहीतरी डोक्यात हललं.

"अंबू, तू मत कुणाला दिलंस?"

"बादलीला," ती म्हणाली. मटार सोलत होती, सोलतच राहिली.

म्हटलं, "अगं देवाचा भंडारा हुता. घरची दोन मतं म्हणून शपथ घेतलीती मी."

"भंडारा तुम्ही उचललासा. मला कुठं कुणी ताट दिलं?"

"मग मला सांगायचं तरी."

"तुम्ही कुठं इचारलासा? तुम्ही सांगितलासा. मी बरं म्हटलं." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "त्येनं पत्रकावर आमचं लिवलं. सात उमेदवार दारात आले, हात जोडून गेले. तुम्हाला काय पायजे म्हणून इचारणारा त्यो एकटाच हुता."

एवढं बोलून ती परत मटारला लागली. बोलली त्यात नवीन काहीच नव्हतं. सगळं माझ्यासमोर झालं होतं आणि या वहीत लिहिलेलंही आहे.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

भीमाप्पा परत आला. चपला घालून निघालो, दोनदा कोपऱ्यावरनं मागं फिरलो, तिसऱ्यांदा पोचलो. दारातच सांगितलं. बसलोही नाही.

"ठावं हाय," तो म्हणाला. "नखात भंडारा हुता की तुज्या."

"मग सोमवारी घरी आलास तवा का बोलला न्हाईस?"

"तू बोलतोस का बघत हुतो."

त्यापेक्षा त्यानं कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं. मी उभाच राहिलो. शेवटी त्यानं पाट सरकवला. "बस लेका. आक्कांचं मत आलं ते खरंच हाय. त्येच्यासाठनंच हात जोडलंतं."

मग त्यानं एक अर्ज पुढं केला. चौकात आणि मंडईत, पुरुषांसाठी आणि बायकांसाठी, आयुक्तांना. खाली सह्या. पहिली सही अंबूबाईची. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली, तिचं नाव तिच्या हातानं लिहिलेलं मी बहुतेक पहिल्यांदाच बघितलं. तिच्याखाली बनाबाई, धोंडुबाईचा अंगठा, मग सगळ्या बायका. मोजल्या, बेचाळीस. त्रेचाळिसावी भीमाप्पाची. त्याखाली मोकळी जागा.

"कर," तो म्हणाला. "मागच्या बारीला लै जोरात केलतीस. आता जरा सावकाश कर."

सावकाश केली. चव्वेचाळिसावी. मग अर्ज घेऊन आण्णाकडं गेलो. तोही भंडारा उचललेलाच. त्याच्या खिडकीतनं सगळं सांगितलं, माझं पण, कट्ट्याचं पण. त्यानं कागद आत घेतला, बराच वेळ वाचला आणि ड्रॉइंगच्या अक्षरात सही करून दिला. मग दार उघडून पायरीवर येऊन उभा राहिला.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

आज महापालिकेत अर्ज द्यायला जायचंय. सगळ्या बायका आणि भीमाप्पा जाणार, अंबूबाई मला पण चला म्हणाली आहे. हंबीररावांचे आठ दिवस अजून संपायचेत. त्यांची वाट बघायला कुणी तयार नाही.

निघायच्या आधी अंबूबाईनं माझ्यापुढं कप ठेवला. "अर्धाच घ्या," म्हणाली, "तितं किती येळ बसवत्यात म्हाईत न्हाई." म्हणजे माझा अर्धा कप तिला ठाऊक होता. मी विचारलं, तुझा कुठाय?

"मी बाहेर जायच्या दिवशी घेत न्हाई."

"कवापासनं?"

"लगीन झाल्यापासनं," ती म्हणाली आणि पदर सारखा करून दाराकडं गेली.

ती बाहेर थांबलीय, बायका जमतायत, मला हाका मारतायत. एवढं लिहून निघतो. साळवणच्या पुढं झाडीत गाडी दोन मिनिटं उभी राहायची. पुरुष खाली उतरायचे आणि मी दारात घड्याळ बघत उभा असायचो. आत बायका बसलेल्या असायच्या. माझ्याकडं कुणी बघत नसे. दोन मिनिटं झाली की मी घंटी मारायचो आणि गाडी निघायची.